भूर्जसालीच्या होडींतील शिधा

प्रवासाचा इतिहास लिहितांना ग्रंथकार बहुधा धाडसाचें वर्णन करतात. कोणीं कोणता समुद्र ओलांडला, कोणत्या नदीचें मुख कोणीं शोधून काढलें, हें त्यांत सविस्तर असतें; पण त्या लोकांनीं वाटेंत काय खाल्लें, तें कोणीं रांधलें आणि तें पुरलें कसें, ह्याचा उल्लेख एखाद्या ओळींत उरकलेला असतो. वस्तुतः ‘आधीं पोटोबा’ ही आपली म्हण लांबच्या प्रवासास जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशासहि क्वचितच पडत असेल. त्यांतून प्रवास लहान होडीचा असला म्हणजे शिध्याचा प्रश्न फारच बिकट होतो. बैलगाडीमागें आणखी एक गाडी घेतां येते. गलबताच्या तळांत महिनोगणती पुरेल एवढें धान्य भरतां येतें. परंतु दोन-चार हात रुंदीच्या होडींत जेवढें धान्य चढेल, तेवढा माल खालीं उतरलाच म्हणून समजावें. होडीची मजल वल्हेकऱ्यांच्या दंडांवर जितकी अवलंबून असते तितकीच, किंबहुना अधिक, तिच्यांतील शिध्याच्या हिशेबावर अवलंबून असते. ह्याचा प्रत्यय पाहावयाचा असेल तर आज कॅनडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशांतील केसाळ कातड्यांच्या व्यापाराचा इतिहास पाहावा.

हा व्यापार मुख्यतः बीव्हर नांवाच्या, पाणथळ जागीं राहणाऱ्या प्राण्याच्या कातड्यांचा होता. त्या कातड्यावरील मऊ लोंकरीपासून युरोपांत उंची टोप्या तयार होत. सतराव्या व अठराव्या शतकांत त्या टोप्यांची आवड इतकी वाढली कीं, युरोपांतील बीव्हर दुर्मिळ झाल्यावर व्यापाऱ्यांनीं अमेरिकेच्या अरण्यांकडे मोर्चा वळविला. मॉंट्रिऑल शहरापासून वायव्येकडे हजारों मैल पसरलेल्या त्या प्रदेशांत रस्ता म्हणून नव्हता. होत्या त्या नद्या आणि सरोवरें. आणि तींहि वर्षांतून पांच-सहा महिने मोकळीं, उरलेला काळ गोठलेलीं.

ह्या जलमार्गांस योग्य असें वाहन तेथील मूळच्या रहिवाशांनीं फार पूर्वींच तयार केलें होतें. हिमालयांतील ज्या वृक्षाच्या सालीवर आपले पूर्वज पोथ्या लिहीत, त्या भूर्जवृक्षाच्याच कुळांतील एक वृक्ष उत्तर अमेरिकेंत विपुल आहे. त्याची रुंद साल सोलून ती हलक्या लांकडाच्या कामट्यांवर ताणावयाची, झाडांच्या बारीक मुळ्यांनीं शिवावयाची आणि सांधे राळेनें बुजवावयाचे, अशी ही होडी. तिला कॅनू म्हणतात. ध्रुवप्रदेशांतील इन्युइट लोकांची कायाक ती निराळी. ती चामड्यानें मढविलेली, वरून बंदिस्त आणि बहुधा एकाच माणसाची असते. कॅनूचा मोठा गुण असा कीं, ती खडकावर फाटली तर दुरुस्तीचें सामान रानांतच मिळे, आणि धबधबा आडवा आला तर तिला खांद्यावर घेऊन पुढें जातां येई. अशा जागीं सारा माल उतरावा लागे. सुमारें ९० पौंडांचें एक, अशीं दोन गाठोडीं कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याच्या आधारें पाठीवर टाकून प्रत्येक मजूर डोंगरवाट चढे. म्हणजे शिध्याचें वजन नुसतें होडीलाच नव्हे, तर माणसाच्या पाठीलाहि भोगावें लागे.

ह्या मजुरांना व्हॉयाजर म्हणत. ते बहुतेक सेंट लॉरेन्स नदीकांठचे, फ्रेंच बोलणारे शेतकऱ्यांचे मुलगे असत. मे महिन्यांत बर्फ वितळलें कीं मॉंट्रिऑलजवळील लाशीन येथून त्यांच्या होड्या निघत. एका मोठ्या होडींत काय काय भरीत ह्याची यादी अलेक्झांडर मॅकेन्झी ह्या व्यापारी प्रवाशानें १८०१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दिली आहे. आठ-दहा माणसें, त्यांचें सामान, मालाचीं ६५ गाठोडीं, ६ हंड्रेडवेट बिस्किटें, २ हंड्रेडवेट डुकराचें मांस आणि ३ बुशेल वाटाणे. शिवाय माल झांकण्यास मेणकापड, एक शीड, एक कुऱ्हाड, ओढण्याचा दोर, एक पातेलें आणि होडींत शिरलेलें पाणी टिपण्यास स्पंज. दहा माणसांच्या संसारास पातेलें एकच, ही गोष्ट गृहिणींच्या ध्यानांत आल्यावांचून राहणार नाहीं. गणित केलें तर मालाचें वजन ५,८०० पौंडांच्या घरांत जातें आणि शिध्याचें अकराशें पौंडांच्या आसपास. एवढा शिधा दहा वल्हेकऱ्यांना फार तर पांच-सहा आठवडे पुरणार. पुढें काय?

ह्या प्रश्नाचें उत्तर थोरला अलेक्झांडर हेन्री ह्यानें नमूद करून ठेविलें आहे. पानिपतावर रसद तुटून मराठी सैन्याची वाताहत झाली, त्याच १७६१ सालीं हा इंग्रज व्यापारी मॉंट्रिऑलहून सरोवरांच्या प्रदेशांत गेला. मिशिगन सरोवराच्या उत्तर टोंकाशीं लार्ब्र क्रोश नांवाचें ओडावा जमातीचें गांव होतें. तेथील लोक मका पिकवीत आणि होड्यांस पुरवीत. मका राखेच्या कडक खारट पाण्यांत उकळून त्याचें टरफल काढीत. मग दाणे चेंचून वाळवीत. असा मका तांदळासारखा मऊ व भुसभुशीत होई आणि लौकर शिजे. प्रत्येक माणसास दिवसाला एक क्वार्ट, म्हणजे लिटरहून थोडा अधिक, मका मिळे. ३२ क्वार्टांचा एक बुशेल होतो. तेव्हां एक बुशेल मका आणि दोन पौंड चरबी हा एका माणसाचा एका महिन्याचा शिधा ठरलेला होता. चरबीचा हिशेब दिवसाला एक औंस पडतो. ह्याखेरीज कांहीं नाहीं. पोळी नाहीं, पाव नाहीं, मीठसुद्धां नाहीं.

हेन्रीनें ह्यावर जी मीमांसा केली आहे ती मोठी बोलकी आहे. त्याचें म्हणणें असें कीं, एवढ्या दूरचा व्यापार एवढ्या लहान होड्यांतून करावयाचा तर दुसरें अन्न परवडणारच नाहीं. पाव व मांस भरलें तर होडींत सहा महिन्यांचाहि शिधा मावणार नाहीं, आणि सफर तर चौदा महिन्यांची. कॅनडांतील फ्रेंच मजुरांवांचून इतर कोणी ह्या अन्नावर राबावयास तयार होणार नाहींत; म्हणूनच हा व्यापार त्यांच्या व त्यांच्या धन्यांच्या हातीं सुरक्षित आहे. थोडक्यांत सांगावयाचें तर, व्यापाराची मक्तेदारी ही मजुरानें काय खाऊन राहावें ह्यावर उभी होती.

ह्या मक्याच्या बाबतींत एक गोष्ट आज आपल्याला कळते ती त्या व्यापाऱ्यांस ठाऊक नव्हती. मक्यांत नियासिन नांवाचें जीवनसत्त्व असतें, पण तें अशा स्वरूपांत अडकलेलें असतें कीं शरीरास त्याचा उपयोग होत नाहीं. राखेच्या पाण्यांत उकळल्यानें तें मोकळें होतें. उत्तर इटलीसारख्या प्रदेशांत मका गेला, पण ही कृति गेली नाहीं. तेथें गरिबांत पेलाग्रा नांवाचा भयंकर रोग पसरला. व्हॉयाजर मात्र महिनोमहिने मक्यावर राबूनहि धट्टेकट्टे राहत, असें हेन्रीच सांगतो. व्यापाऱ्यानें मका विकत घेतला तेव्हां अनेक पिढ्यांची ही पाकविद्याहि त्याच्या होडींत आपोआप चढली. तिची किंमत कोणत्याहि वहींत लिहिलेली नाहीं.

होडीवरील स्वयंपाकाचा क्रमहि वजनाच्या आणि वेळेच्या काटकसरीनें ठरलेला असे. दिवसा चूल मांडून बसण्यास सवड नसे. संध्याकाळीं कांठाला लागल्यावर होडी उपडी करून तिच्या आडोशास बिछाने पसरीत आणि पातेलें विस्तवावर चढवीत. रात्रीचें जेवण झालें कीं त्याच पातेल्यांत पाणी भरून वाटाणे किंवा मका आणि चरबी घालीत. तें मंद आंचेवर पहांटेपर्यंत रटरटत राही. मिश्रण इतकें दाट होई कीं त्यांत काठी उभी राहावी, असें वर्णन आढळतें. उजाडण्यापूर्वीं लोक उपाशींच वल्हीं मारूं लागत आणि दोन-चार तासांनीं कांठाला लागून न्याहारी करीत. दुपारीं बहुधा शिजवणें नाहींच. दिवसाला चौदा-पंधरा तास वल्हें मारणाऱ्या माणसाची भूक केवढी असेल ह्याची कल्पनाच केलेली बरी.

असो. ह्या पद्धतीनें लेक सुपीरियरच्या पश्चिम कांठावरील ग्रँड पोर्टेज ह्या ठाण्यापर्यंत पोहोंचतां येई. तेथून पुढें जाऊन त्याच उन्हाळ्यांत मॉंट्रिऑलला परतणें शक्य नव्हतें. म्हणून व्यापाराचे दोन भाग पडले. मॉंट्रिऑलच्या मोठ्या होड्या ग्रँड पोर्टेजला माल टाकून कातडीं घेऊन परतत; त्यांवरील मजुरांना ‘डुकराचें मांस खाणारे’ असें हिणवून म्हणत. तेथून पुढें सुमारें २५ फूट लांबीच्या लहान होड्या निघत, आणि त्यांवरील माणसें थंडीचे महिने आंतल्या रानांतच काढीत. ह्या आंतल्या प्रदेशांत शेती नव्हती आणि लहान होडींत मक्यास जागा नव्हती. १७७८ सालीं पीटर पाँड नांवाचा व्यापारी दूर वायव्येस अथाबास्काच्या खोऱ्यांत उतरला. तेथें इतकीं कातडीं मिळालीं कीं सारीं एका खेपेस नेतां येईनात. पण तेथवर पोहोंचणें आणि परतणें केवळ शिध्याच्या जोरावरच साधणार होतें. मूळच्या रहिवाशांनीं ह्यावरहि तोड काढलेली होती. तिचें नांव पेमिकन.

पेमिकन हा शब्द क्री भाषेंतला असून त्याच्या मुळाशीं चरबी ह्या अर्थाचा शब्द आहे. बायसन नांवाच्या रानगव्यासारख्या जनावरांचे प्रचंड कळप त्या काळीं अमेरिकेच्या मैदानांत चरत. शिकारीनंतर त्यांच्या मांसाचे पातळ पापुद्रे कापून उन्हांत आणि मंद विस्तवावर वाळवीत. मग ते चामड्यावर टाकून दगडांनीं किंवा दांडक्यांनीं कुटून त्यांचा भुगा करीत. हा भुगा कच्च्या कातड्याच्या पिशवींत भरून त्यावर वितळलेली चरबी ओतीत आणि पिशवी शिवून टाकीत. कधीं वाळविलेलीं रानबोरांसारखीं आंबटगोड फळें त्यांत मिसळीत. पिशवी भरे सुमारें ९० पौंडांची, म्हणजे एका माणसाच्या पाठीवरील एका गाठोड्याएवढी. ताजें मांस दिलें तर राबत्या माणसास दिवसाला आठ पौंडांच्या घरांत लागे. पेमिकन दोन पौंडांत काम भागवी. तें शिजवावें लागत नसे आणि नीट ठेविल्यास वर्षानुवर्षें टिके. सवड असली तर पाण्यांत उकळून, मूठभर पीठ लावून त्याचें रबाबू नांवाचें कढण करीत. नसली तर कुऱ्हाडीनें तुकडा तोडून तसाच चघळीत.

शिकार पुरुषांनीं केली तरी मांस कापणें, वाळविणें, कुटणें, चरबी कढविणें आणि पिशव्या शिवणें हें सारें काम बायकांचें होतें. क्री, असिनिबॉइन आदि जमातींतील स्त्रिया आणि पुढें मेटी स्त्रिया हें करीत. मेटी म्हणजे युरोपीय व्यापारी आणि तेथील स्त्रिया ह्यांच्या संततींतून निर्माण झालेला समाज. होडीची साल शिवणारे आणि सांध्यांस राळ लावणारे हातहि पुष्कळदां ह्याच स्त्रियांचे असत.

पेमिकनच्या बळावर काय साधलें ह्याचें उत्तम उदाहरण म्हणजे मॅकेन्झीची १७९३ सालची सफर. ९ मे रोजीं पीस नदीवरील ठाण्यांतून तो निघाला. होडी आंतून २५ फूट लांब. तींत दहा माणसें आणि एकंदर सुमारें ३,००० पौंडांचा भार. तरीहि ती इतकी हलकी कीं चांगल्या वाटेवर दोन माणसें तिला तीन-चार मैल न थांबतां नेत. वाटेंत त्यानें ९० पौंड पेमिकन जमिनींत पुरलें. खड्डा पुरेसा खोल खणून वर विस्तव पेटविला, म्हणजे राखेखालीं काय दडलें आहे ह्याचा कोणास संशय येऊं नये. परतीची भूक त्यानें जातांनाच मोजली होती. जुलैच्या आरंभीं होडी मागें ठेवून मंडळी पायीं निघाली, तेव्हां पाठीवर साडेचार पिशव्या पेमिकन होतें. चारशें पौंड अन्न दहा माणसांना दोन पौंडांप्रमाणें वीस दिवस पुरतें. समुद्रास पोहोंचावयासच सुमारें सोळा दिवस लागले. अर्थात् रोजची वांटणी घटवावी लागली. आणि बेला कूला नदीच्या कांठीं नुहाल्क लोकांनीं साल्मन मासे खाऊं घालून पाहुणचार केला नसता तर हिशेब जुळला नसता. २२ जुलै १७९३ रोजीं मॅकेन्झीनें पॅसिफिक महासागराच्या कांठीं एका खडकावर आपलें नांव व तारीख लिहिली, आणि ऑगस्टमध्यें सर्व मंडळी सुखरूप परत आली. त्या खडकावर नांव एकाचें आहे. खर्च झालेलें अन्न मात्र अनेकांच्या हातचें होतें.

जेथें एका अन्नावर एवढा मोठा व्यापार चालतो तेथें त्या अन्नावर ताबा मिळविण्याची इच्छा कोणास तरी व्हावयाचीच. लॉर्ड सेल्कर्क ह्यानें हडसन बे कंपनीकडून १८११ सालीं रेड नदीच्या खोऱ्यांत विस्तीर्ण जमीन मिळविली आणि स्कॉटलंड-आयर्लंडांतील गरीब शेतकरी तेथें आणून बसविले. पहिलीं पिकें नीट न आल्यानें वसाहत भुकेली होती. प्रतिस्पर्धी नॉर्थवेस्ट कंपनीच्या होड्यांचा शिधाहि ह्याच खोऱ्यांतून जात असे. त्यांतच इंग्लंड-अमेरिका युद्धांत १८१३ सालीं डेट्रॉइट अमेरिकनांच्या हातीं पडल्यामुळें मक्याची वाट अडली होती. अशा वेळीं, ८ जानेवारी १८१४ रोजीं, वसाहतीचा गव्हर्नर माइल्स मॅक्डोनेल ह्यानें जाहीरनामा काढून एक वर्षपर्यंत खोऱ्याबाहेर खाद्यपदार्थ नेण्यास बंदी केली. वसाहतवाल्यांच्या दृष्टीनें ती उपासमारीविरुद्ध तरतूद होती. होडीवाल्यांच्या दृष्टीनें तो गळ्याला फास होता. आणि पेमिकन तयार करून विकणाऱ्या मेटी लोकांस तो आपल्या पोटावरील पाय वाटला. जप्त्या झाल्या, ठाणीं लुटलीं गेलीं, माणसें पकडलीं गेलीं. शेवटीं १९ जून १८१६ रोजीं कथबर्ट ग्रँटच्या नेतृत्वाखालीं पेमिकन घेऊन होड्यांच्या भेटीस निघालेली मेटी स्वारांची तुकडी आणि नवा गव्हर्नर रॉबर्ट सेंपल ह्याची माणसें सेव्हन ओक्स येथें समोरासमोर आलीं. बाचाबाची झाली, गोळी सुटली, आणि थोड्याच वेळांत सेंपल व त्याचे वीस लोक मरून पडले. मेटींचा एक माणूस गेला. दोन्ही कंपन्यांचें वैर शमलें तें १८२१ सालीं त्या एक झाल्या तेव्हां.

त्या वैराची किंमत तिसऱ्याच लोकांनीं भरली. ब्रिटिश आरमाराचा अधिकारी जॉन फ्रँक्लिन हा १८१९ पासून उत्तर किनाऱ्याचा शोध घेण्यास गेला होता. दोन्ही कंपन्यांनीं मदतीचीं आश्वासनें दिलीं होतीं. पण त्या आपसांतील भांडणांत गुंतलेल्या असल्यानें तीं पुरीं झालीं नाहींत. १८२१ च्या जुलैंत वीस माणसें दोन भूर्जसालीच्या होड्या घेऊन कॉपरमाइन नदीच्या मुखाशीं समुद्रांत उतरलीं, तेव्हां जवळ जेमतेम पंधरा दिवसांचा शिधा होता. तरीहि फ्रँक्लिन ऑगस्टच्या मध्यापर्यंत पुढें जातच राहिला. परतीचा मार्ग उजाड माळावरून, होड्या निकामी झालेल्या, थंडी सुरू. आपल्या गोड्या मसाल्यांतील दगडफुलाच्या जातीचें, खडकांवर वाढणारें कडवट शेवाळ उकळून त्यांनीं खाल्लें. पुढें जोड्यांचें चामडेंहि खाल्लें. ज्या फोर्ट एंटरप्राइझ ठाण्यांत मांसाचा साठा असेल अशी आशा होती तें ठाणें रिकामें निघालें. नोव्हेंबरांत अकाइचो ह्या स्थानिक प्रमुखाच्या माणसांनीं अन्न आणून उरलेल्यांस वांचविलें. वीसांपैकीं अकरा मेले. पांच ब्रिटिशांपैकीं एक गेला; उरलेले दहा होडी वल्हविणारे, ओझीं वाहणारे आणि दुभाषे होते. ज्यांच्या पाठीवर सर्वांत जड ओझें, त्यांचाच शिधा सर्वांत आधीं अपुरा पडतो, हें त्या आंकड्यांवरून उघड दिसतें. फ्रँक्लिननें पुढील सफरींत, १८२५ मध्यें, अन्नाची तरतूद आधींच पुढें पाठवून मग पाऊल टाकलें.

बायसनचे कळप १८८० नंतरच्या दशकांत जवळजवळ नामशेष झाले आणि त्यांबरोबर पेमिकनचा जुना धंदाहि संपला. ज्या जमातींनीं हें अन्न जगाला दिलें त्यांच्यावरच उपासमारीची पाळी आली. आणि कॅनडाच्या सरकारनें शिध्याची मदत राखीव प्रदेशांत जाऊन राहण्याच्या अटीवर दिली. अन्नाचा हिशेब ज्याच्या हातीं, त्याच्याच हातीं माणसांच्या हालचाली, हें त्यांच्या बाबतींत पुन्हां एकदां खरें झालें.

आज त्याच नद्यांवर हौशी मंडळी सुटीचे दिवस कॅनूंतून किंवा कायाकमधून घालवितात. तीं निघण्यापूर्वीं दिवस मोजतात, माणसें मोजतात, वाळविलेल्या पदार्थांच्या पुड्या तोलून बांधतात, आणि एक-दोन दिवसांचें अन्न वाऱ्यापावसासाठीं राखून ठेवतात. पाणी काढून टाकून अन्न हलकें करावयाचें, चरबींतून थोडक्यांत बळ मिळवावयाचें, आणि परतीचें जेवण निघण्याच्या दिवशींच मोजून ठेवावयाचें, हे तिन्ही नियम लार्ब्र क्रोशच्या मक्यांत आणि मैदानांतील स्त्रियांच्या पेमिकनांत पूर्वींच सिद्ध झालेले आहेत. शोधकांचीं नांवें नकाशावर नद्यांना आणि सामुद्रधुनींना मिळालीं. त्यांचा शिधा कुटणाऱ्या-शिवणाऱ्या स्त्रियांचीं नांवें हिशेबाच्या वह्यांत फारशीं आढळत नाहींत. त्या वह्यांत पिशव्यांची संख्या आणि त्यांचें वजन तेवढें लिहिलेलें असतें.